कोपऱ्यातलं नाव

नखाएवढ्या जागेत पांढरी अक्षरं होती, इंग्रजी, आणि ती देवरावला एकेक करून लावावी लागली. के, ए, एन... पुढचं खेमसिंगच्या अंगठ्याखाली होतं. अंगठा उचलला गेला तेव्हा अख्खं नाव समोर आलं. कांताबाई देवराव. वय एकावन्न. स्त्री. तारीख मागच्या जुलैतली. नावाशेजारी एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर तो राखाडी, धुकट आकार — त्याच्याकडे देवरावने पाहिलं नाही. बायको गेली त्याला चार महिने झाले होते, आणि माणूस गेलं की जायचं ते सगळं एकदाच जातं अशी त्याची समजूत होती. मागे राहिलेल्यातूनही काही जाऊ शकतं, हे त्याला आज सकाळी, आपल्याच दुकानाच्या पायरीवर, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये कळलं.

"वयनीच व्हय ना हे?" खेमसिंग म्हणाला. तांड्यावरचा खेमसिंग, पँटची चेन बदलायला आलेला. "मले तं साळीनं धाडलं. तिच्या कोन्या घरगुती औषधाच्या ग्रुपवर आलं म्हने."

चित्राखाली मराठीत लिहिलं होतं — या ताईंची गाठ आमच्या काढ्याने तीन महिन्यांत विरघळली, ताई आज ठणठणीत आहेत. खाली एक नंबर.

"ठणठणीत," खेमसिंगने मोठ्याने वाचलं, आणि मग त्याला स्वतःच्याच तोंडाची लाज वाटली असावी, तो पँटची घडी उगाच नीट करू लागला. पण लाज वाटते तर मोठं करून कशाला पाहिलं? नाव इतकं बारीक की बोटांनी ताणल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणजे याने ताणलं. नावाजवळ जायच्या आधी याची बोटं कुठे कुठे...

"मले पाठव ते."

"तुमाले कायले पाह्यजे, भाऊ? उगाच जिवाले—"

"पाठव म्हनलं ना."

खिशात फोन थरथरला. आता ते आणखी एका जागी झालं होतं, आणि ती जागा त्याची होती.

कोणाले दाखवू नका, ती म्हणाली होती. मी मेली तरी नोका दाखवू. फिल्मचं पाकीट मांडीवर ठेवून म्हणाली होती, यवतमाळहून येताना, एसटीत, खिडकीकडे तोंड करून. त्याने शब्द पाळला. विचारलं त्याला छातीच्या गाठीचं न सांगता पोटाचं दुखणं सांगितलं. मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायांनी खोदून विचारलं तेव्हाही पोटाचंच सांगितलं. बोरी अरबच्या या दुकानात तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, पण मापाच्या वहीत एकाही बाईचं नाव नाही. नावाच्या जागी तिच्याच कापडाची चिंधी टाचलेली. ही रीत कांताची. बाईचं माप हे बाईचं असते, वही कोनाच्याबी हाती पडते, ती म्हणाली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. चिंधी पाहिली की त्याला माप कळायचं, दुसऱ्या कोणाला काही कळायचं नाही. आणि आता तिचं स्वतःचं माप, नाव-वयासकट, ह्या मोबाइलातून त्या मोबाइलात...

दुकानाला कुलूप लावून त्याने यवतमाळची गाडी धरली. गाडीत बसल्यावर एकेक माणूस समोर येऊ लागला. एक्स-रे काढायच्या सेंटरमधला तो कानात बाळी घातलेला पोरगा, पाकीट देताना हसला होता. कशाला हसला? औषधाच्या दुकानातला, ज्याने चिठ्ठी दोनदा वाचली. आणि रवी. रवी सख्खा पुतण्या, दारव्ह्याला मोबाइलच्या दुकानात बसतो, पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच घरी आला होता, पलंगावर बसला होता, आणि पाकीट पलंगाखाली होतं. दिवसभर फोनशी खेळणाऱ्याला एक फोटो काढायला कितीक वेळ लागतो? त्याने रवीला फोन लावला.

"मोठेबा, कुठं हाय? आवाज गाडीचा येऊन राह्यला."

"तू काकूचा फोटो काढलता का?"

"कोनता? लग्नातला?"

"फिल्मचा."

 रवी म्हणाला, "कोन्ती फिल्म? काकूले पोटाचं होतं ना?"

देवरावने फोन ठेवला. पोरगा चांगला सावध आहे, त्याला वाटलं. माहीत नसल्यासारखं बोलायला शिकला. लगेच हेही वाटलं, की खरंच माहीत नसेल तर आज मीच फोडलं... पण तो विचार त्याने पुढच्या थांब्यापर्यंतही नेला नाही.

सेंटरमध्ये बाळीवाला नव्हता. मोनाली नावाची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र. तिने आधी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. देवरावला वाटलं, ही गोड बोलून बाहेर काढेल.

"तुमच्या इथूनच गेलं हे," तो म्हणाला.

"काका, आमी बाहेर पाठवतो ते असं नसते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्याचं असलं तं फाईल जाते, अन् तिच्यातून नाव, वय सारं काढून टाकतो. नुसता नंबर राह्यते. अदलाबदल होऊ नये म्हनून फक्त पेशंटच्या हाती देतो त्या फिल्मवर नाव असते. लोक तिचाच फोटो काढते घरी. कोपरा झाकाव लागते, एवढं कोनाच्या ध्यानात राह्यत नाही."

"म्हंजे आमीच चोर."

"तसं नाही म्हनलं मी. द्या बरं फोन." तिने चित्र उजळ केलं आणि मधल्या भागावर आपला तळहात ठेवला. तो तळहात त्याला दिसला. सकाळपासून ते चित्र झाकणारी ती पहिलीच होती. "हे पाहा, कडेले. फिल्मच्या मागं खिडकी हाय. हिरवे गज. आमच्याकडं खिडकीच नाही काका, त्या खोलीत. अन् हे कोनीतरी दोन्ही हातानं धरलं हाय."

दोन अंगठे. एका अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

देवरावने डावा हात बाकाखाली घेतला. मशीनची सुई त्या नखातून गेली त्याला बारा वर्षं झाली; तेव्हापासून ते दोन फाकांनीच वाढतं.

"ह्या नंबरवर फोन करा, काढाले लावा ते," मोनाली म्हणत होती. "नाही आयकलं तं पोलिसात द्या. सांगा, बाई वारली माही. ते पाहून दुसऱ्या बाया इलाज सोडतीन, काका."

परतीच्या गाडीत तो उभाच होता, जागा असूनही. हिरवे गज आपल्या घरचे. सकाळची वेळ, कारण त्या खिडकीत ऊन सकाळीच येतं. पाकीट आलं त्याची दुसरी सकाळ, रवी यायच्या आधी, घरात दोघंच. वर धरा जरा, उजेडात, ती म्हणाली होती, मले नीट पाहू द्या. मी धरली. दोन्ही हातांनी धरली, तोंडासमोर, आणि पाहत राहिलो त्या काळ्या कागदाकडे, जसं काही त्यातलं मला समजणार होतं. ती कागदाच्या पलीकडे उभी होती. किती वेळ उभी होती? तिच्या हातात फोन होता का... मला सांगता येत नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. फिल्म खाली घेतली असती तर तिचं तोंड दिसलं असतं, आणि ते पाहायला नको म्हणून मी हात दुखेपर्यंत ती वर धरून ठेवली.

दुकान उघडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. खेमसिंगची पँट तशीच मशीनवर. बसण्याआधी सवयीने त्याने तेलाची बाटली उचलली — तपकिरी, बुटकी, तांदळाच्या डब्यामागे सापडलेली, दोन महिन्यांपूर्वी त्यानेच धुऊन तिच्यात मशीनचं तेल भरलं होतं. पित्ताचं औषध व्हय, ती म्हणायची. बुचाला आत अजून एक कडवट, पाल्याचा वास होता. तेलाच्याही वर.

म्हणजे तो काढा तिने... की तिच्या बहिणीने मागवलं, की कोणी नुसती फुकट आणून दिली... सकाळपासून ज्यांच्या ज्यांच्यावर त्याने संशय घेतला ते सगळे एकेक करून उठून गेले होते, आणि त्या जागेवर आता कांता बसली होती, खिडकीकडे तोंड करून. मला म्हणाली कोणाला दाखवू नका, आणि स्वतः एका परक्या माणसाला धाडलं? त्याला राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो तिच्यापर्यंत पोचेना. तिला कोणाला तरी काहीतरी विचारायचं असेल. घरात विचारायला माणूस होता, पण तो फिल्मच्या मागे होता.

तिचा फोन कपाटात मापाच्या वह्यांखाली होता. त्याने तो काढून चार्जरला लावला. थोड्या वेळाने पडद्यावर कुलपाच्या ठिपक्यांचा चौकोन आला. त्यावर बोट कसं फिरवायचं ते त्याला ठाऊक होतं. तिला ते त्यानेच शिकवलं होतं. पाठवलं की नाही, काय विचारलं, काय उत्तर आलं, सगळं आतच असेल. बोट काचेजवळ गेलं, दुभंगलेलं नख काचेला लागलं, आणि त्याने हात मागे घेतला. कोणाले दाखवू नका. त्या कोणात आपण होतो की नव्हतो, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं.

त्याने पँट पुढे ओढली आणि जुनी चेन उसवायला घेतली.

त्या काढ्यावाल्याच्या नंबरवर फोन करायचा राहिला आहे. चित्र अजून त्या ग्रुपवर तसंच आहे.