एकदा नाही म्हटल्यावर

सुलभाच्या माहेरी, नागपूरला, पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. पहिला नकार रीतीचा, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्यांदा माणूस गप्प बसला की खुशाल त्याच्या पानात वाढायचं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला संसार करता करता केस पिकले तरी हे तिच्या अंगातून गेलं नव्हतं, आणि जावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. आपल्या घरून कुणी अर्धपोटी उठलं नाही याचा तिला केवढा अभिमान.

नवऱ्याच्या, मोहनच्या, जुन्या मित्राने, नरेंद्रने, कंपनी विकून आईच्या नावाने बाळंतिणींसाठी एक छोटा फंड काढला. त्याचं काम बघायला त्याने सुलभाला बोलावलं आणि तिने, अर्थातच दोनदा नको म्हणून, ते घेतलं. २००६च्या मार्चमध्ये नरेंद्रच्या मुलीने, नैनाने, एक विनंती पुढे आणली. कॅलिफोर्नियाच्या पार उत्तरेकडे डार्लीन नावाची एक बाई नेटिव्ह, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी, कुटुंबांसाठी डूलाचं काम करत होती आणि तिला पैशांची मदत हवी होती.

“डूला म्हणजे सुईणच ना?” सुलभाने विचारलं.

“नो काकू. डिलिव्हरी डॉक्टरच करतात. डूला फक्त सोबत असते. आधी, डिलिव्हरीच्या वेळी, नंतर पण.”

“मग आई, मावशी, आत्या कुठे गेल्या? सोबतीला कुणी पगार देतं का?”

नैनाने समजावलं. डार्लीनच्या गावातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला होता. जवळचं हॉस्पिटल दोन तासांवर. आया-मावश्यांना कामावरून सुट्टी मिळत नाही, आणि तिथे पोचल्यावर दुखतंय म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही. डार्लीन त्यांच्यातलीच. ती गाडीने नेते, हात धरून बसते, बाईच्या वतीने डॉक्टरांशी बोलते. सुलभाला अर्धं पटलं, अर्धं नाही. लेकीच्या, सावनीच्या वेळी आपण इथल्याच हॉस्पिटलात भिंतीकडे तोंड करून एकटीच कण्हत होतो, हे मात्र सुलभाबाईंना त्या क्षणी आठवलं नाही.

मॅपक्वेस्टवरून काढलेली रस्त्याची प्रिंट मांडीवर ठेवून सुलभा एकटीच ड्राइव्ह करत गेली. कम्युनिटी हॉलच्या मागची खोली होती. डार्लीन साठीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. शेजारी मरिसा नावाची पोरसवदा मुलगी बसली होती. आठवा महिना, सुजलेले पाय खुर्चीवर. तिचं पहिलंच बाळंतपण होतं आणि डार्लीन सोबत असेल तरच ती त्या हॉस्पिटलात पाऊल टाकणार होती. सुलभाशी एवढं बोलून ती डार्लीनच्या खांद्याला टेकली.

डार्लीनने सूप घेणार का विचारलं. सुलभाच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी ती “नको, नको” म्हणाली. डार्लीनने मान हलवली, भांड्यावर झाकण ठेवलं आणि विषय संपला. ही काय पद्धत, सुलभाच्या मनात आलं. बाई मायाळू दिसते, मग विचारत का नाही पुन्हा?

मग तिने नरेंद्रची खास भेट पुढे केली. पैसे तर मिळतीलच, वर फंडाच्या खर्चाने एक सोशल वर्करही मिळेल. ती घरोघर जाईल, काय हवं-नको बघेल.

“नको,” डार्लीन म्हणाली.

“अहो, तुमचा भार हलका होईल. तुम्हाला काहीच खर्च नाही.”

“नको. थँक यू.”

“बघा तरी. चांगली शिकलेली बाई आहे.”

डार्लीनने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग काही न बोलता उठून कॉफी ओतायला गेली. सुलभाचा जीव भांड्यात पडला. फ्रीमाँटला परत आल्यावर तिने नरेंद्रला सांगितलं, “आढेवेढे घेतले थोडे, पण घेताहेत.”

पैसे जायच्या आधी सोशल वर्कर गेली. मरिसाच्या घरी जाऊन तिने फ्रिज उघडून पाहिला, घरात किती माणसं झोपतात ते विचारलं, बाळाची खोली कुठली ते विचारलं. बिचारी कामच करत होती. त्याच दुपारी मरिसा कपडे भरून नेव्हाडात चुलतबहिणीकडे निघून गेली.

“तिच्या आजीच्या लहानपणी अशीच एक बाई घर बघायला आली होती,” डार्लीनने फोनवर सांगितलं. “नंतर गाडी आली आणि आजीला आईबापांपासून तोडून दूरच्या सरकारी शाळेत घेऊन गेले. आमच्याकडे हे पोरांनाही ठाऊक असतं. मरिसा आता माझा फोन उचलत नाही. तिला वाटतं, त्या बाईला मी पाठवलं.”

“पण तुम्ही तर...” सुलभा म्हणाली.

“मी दोनदा नाही म्हटलं.”

सुलभाने सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात नाही म्हणजे लगेच नाही नसतं, समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं, त्यात माया असते. इंग्रजीत ते तिच्याच कानांना खुळचट वाटलं. पलीकडे डार्लीन न रागावता ऐकत होती.

“मग तुमच्यात एखाद्याला खरंच नको असलं तर तो काय म्हणतो?” तिने विचारलं.

जन्मभरात हा प्रश्न सुलभाला पडलाच नव्हता. तिच्या पंगतीतून पोट धरून उठलेली माणसं एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागली, आणि त्यातलं कोण तृप्त होतं, कोण नुसतं हरलं होतं, ते तिला सांगता येईना.

मरिसाला नेव्हाडात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, पण चुलतबहीण कामावर होती आणि खोलीत आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. डार्लीनला हे चार दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं, आणि डार्लीनकडून सुलभाला. सुलभा सिंकपाशी उभी राहून रडली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि आपण नेमकं काय वाईट केलं ते अजून पुरतं उमगत नव्हतं, याची जास्त.

ती तडक नरेंद्रकडे गेली.

“भाऊजी, पैसे तसेच द्या. सोशल वर्कर नको.”

“नाही वहिनी. नजर ठेवायला कुणी नको का?”

“द्या हो.”

“छे, असं कसं चालेल?”

“तुमच्या आईंच्या नावाचा फंड आहे, भाऊजी.”

नरेंद्रने चहाचा कप उचलला आणि तो गप्प राहिला. इथे मात्र तिला सगळं कळत होतं. “मग मी नैनाला सांगते चेक पाठवायला,” ती म्हणाली आणि त्याने मान डोलावली.

घरी येऊन तिने डार्लीनला फोन लावला. आता कसलीच अट नाही, कुणी येणार नाही, काही विचारणार नाही, हे सगळं एका दमात सांगितलं.

“नको,” डार्लीन म्हणाली.

सुलभाच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं. त्या वाक्यात मरिसा होती, पुढच्या सगळ्या बायका होत्या, हॉस्पिटलचा रस्ता होता. तिने ते गिळलं.

“बरं,” ती म्हणाली.

मग डार्लीनच पुढे म्हणाली, “मरिसाच्या बहिणीला सप्टेंबरमध्ये बाळ होणार आहे. तिला विचारेन मी. बाकीच्या बायकांनाही. त्या काय म्हणतील माहीत नाही.” आणि फोन ठेवला गेला.

मोहन सोफ्यावरून सगळं ऐकत होता. “काय झालं? घेणार का पैसे?”

“माहीत नाही.”

“म्हणजे? काय म्हणाली ती?”

“नको म्हणाली.”

“अगं, मग पुन्हा विचार ना,” मोहन सहज म्हणाला. “लगेच कोण हो म्हणतं?”

सुलभाने फोनकडे पाहिलं. विचारावं असं तिला फार वाटत होतं. न विचारणं हे तिला अजूनही माणुसकी सोडल्यासारखंच वाटत होतं.

“नाही विचारायचं,” ती म्हणाली. मोहनने का म्हणून विचारलं, तेव्हा ती पानं वाढायला गेली.