माणशी की दिवसाचे

भुवनेश्वरीने दरपत्रक टेबलावर सरकवलं. शिवलिंगप्पांनी ते न उचलता, मान पुढे काढून वाचलं. कागद उचलला की समोरच्याला सौदा पटल्यासारखा वाटतो, हे टॉवेलच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

"माणशी नऊशे? शुक्रवार पेठेत चाळीस रुपयांत आठ फोटो मिळतात की! नागव्वाची पोर म्हणून तुला बोलावलं, तर तू मलाच भादरायला निघालीस."

"ते फोटो फॉर्मला चिकटवायचे, अण्णा. हे वेबसाइटवर, परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायचे. एकेकाला बारा मिनिटं लागतात."

"सहा-सहा जण एकत्र काढ. नंतर कापून वेगळे कर."

"कापले तरी शेजारच्याचा खांदा राहतो."

यादीत अठरा नावं होती. मालक, त्यांचा पुतण्या अमरेश, हिशेबनीस, विक्रीवाले, अगदी ड्रायव्हरसुद्धा. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बावीस बायकांपैकी मात्र एकही नाही. एकोणीस वर्षं तिथे मान मोडून बसलेली तिची अव्वा, म्हणजे आई नागव्वाही नाही. तिच्याशिवाय 'आमची टीम' असं पान निघावं, हे भुवनेश्वरीच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण मालकाला माणुसकी सांगायला गेलं की तो पहिल्यांदा दर पाडतो, हेही ती ओळखून होती.

"बरं, माणशी नको. दिवसाचे सोळा हजार द्या. चाळीसपर्यंत कितीही बसवा."

शिवलिंगप्पांनी मनात गुणाकार केला. दोनशे वाचत होते. चेहरा खुलला आणि लगेच आंबला.

"अठरा जण तर जेवणाआधीच उरकतील. मग तू काय करणार?"

"बसून राहीन. चहा पीन."

"माझ्या पैशानं?"

"दिवस तुमचाच की, अण्णा."

त्यांनी कागद उचलला. "शिलाईच्या बायकांनाही बसवू. फुकट कशाला घालवायचा दिवस!"

भुवनेश्वरी खाली वाकून पिशवीची चेन लावत राहिली. चेन आधीच लागलेली होती.

गुरुवारी दुपारी बायका तेल-पावडर करून रांगेत आल्या.

"दात दाखवू का झाकू गं?" काशम्माने विचारलं.

"दाखव की, मावशी."

"पुढचा एक न्हाय, त्याचं काय?"

रांग खिदळली. अमरेश लॅपटॉपवर प्रत्येकीचं नाव आणि पुढे हुद्दा लिहीत होता. एकवीस वेळा त्याने 'मदतनीस' लिहिलं. सगळ्यांत शेवटी नागव्वा बसली. कपाळावर विभूती, पदर खोचलेला.

"मदतनीस," अमरेश पुटपुटला.

"थांब बाळा." नागव्वाने मान न हलवता दारातल्या मालकांना विचारलं, "मी बघितल्याबिगर एक तरी टॉवेल पेटीत जातो का, मालक?"

"नाही," शिवलिंगप्पा म्हणाले. खोटं बोलायला समोर एकवीस साक्षीदार जास्त होत्या.

"मग त्ये लिवा की."

"लिही रे, तपासणी प्रमुख." अक्षरांना पैसे पडत नव्हते.

भुवनेश्वरीने डोळा कॅमेऱ्याला लावला. तिला हवं होतं ते चौकटीत आलं होतं.

"आन् मालक," नागव्वा तशीच ताठ बसून म्हणाली, "प्रमुखाला पगार किती असतो?"

रांगेतल्या माना मालकांकडे वळल्या. भुवनेश्वरीने बटणावरचं बोट काढून घेतलं. अण्णांचं उत्तर येईपर्यंत थांबायला तिची हरकत नव्हती.