द्राक्षबागेतला बर्फाचा खांब

मित्रांनो, मला द्राक्षबागेत उभं करण्यात बागमालक अमोलचा काय फायदा होता, तो आधी मांडतो. मी उंच खांबावर, म्हणजे माझ्यापायी वेलींची एकही ओळ गेली नाही. पाण्याची मोटार चालवायला विजेची वाट बघणं संपलं. शिवाय शेजाऱ्यांना बांधावरून दिसेल असं काहीतरी मिळालं. हा शेवटचा फायदा तो कबूल करत नसे, पण फोटो काढकाढून सगळ्यात जास्त वसूल त्याने तोच केला.

मी सोलर पॅनल. जाड लोखंडी खांबाच्या डोक्यावर आम्ही सहा भावंडं. अंबडच्या एका कारखान्यात आमचा सांगाडा जुळला तो बर्फाळ डोंगरातल्या एका गावासाठी. बर्फ घसरून जावा म्हणून आम्हाला चांगलंच तिरकं बसवलेलं. ती मागणी रद्द झाली आणि आम्ही दिंडोरीला आलो.

बसवताना फारुख फिटरने खांबावर थाप मारली. "अमोलभाऊ, वर बर्फाचा ढीग साचला तरी हा हलणार नाही."

खरंच होतं ते. वरून दाबणारा भार मी पेलतो. फारुख तेवढंच बोलला. अमोलने त्याहून बरंच जास्त ऐकलं.

सुरुवातीला लाड झाले. धूळ बसली की नळीने आंघोळ, पाहुणे आले की कौतुक. मग आंघोळी थांबल्या. फवारणीचा निळसर थर तोंडावर घेऊन मी मोटार ओढत राहिलो.

द्राक्षाचा मंडप म्हणजे तारांचं छत. वेल वर, घड खाली लोंबतात. त्याच्या टोकाची मुख्य तार जमिनीत पुरलेल्या दगडाला ताणून बांधतात. आमच्या कोपऱ्यातला हा ताण फवारणीच्या ट्रॅक्टरला वळताना आडवा येई. एका दुपारी अमोलने दगड उपटला आणि तार माझ्या खांबाला आवळली.

मजूर बायकांची टोळी यशोदाबाई चालवायची. ती तारेकडे बघत राहिली. "दादा, ह्यो खांब ओढायसाठी हाय का?"

"मावशी, बर्फात उभा राहणारा हाय. तुमच्या द्राक्षाला भितो काय?"

"इथं कधी पडला बर्फ?"

"नाय ना, म्हणून रिकामा हाय. म्हणलं, लावू कामाला."

बायका हसल्या. तार हसली नाही. घड जसजसे भरत गेले, तसतशी ती मला बागेकडे ओढू लागली. पायथ्याच्या मातीला भेग पडली. रोज सकाळी ती जरा रुंद दिसे. मोटार मात्र पाणी देत होती, म्हणून खाली कुणी वाकून पाहिलं नाही.

"दादा, तुझी प्लेट आधी आभाळाकडं बघायची. आता माझ्याकडं बघती."

"देखण्या माणसाकडं कुणीबी बघंल, मावशी."

"तोंड गोड नको करू. बांबूचे टेकू लाव."

"तोडणी झाली की लगेच. आता हात लावला तर घड झडतील."

माल तयार होता. अमोल म्हणाला, अजून थोडी गोडी भरू दे. गोडी भरली, तसं वजनही.

तोडणीला तेजल, यशोदाबाईची सून, पहिल्यांदाच आली होती. तिच्या वाट्याला माझा कोपरा आला. यशोदाबाईने एकदा वर माझ्याकडे पाहिलं.

"तू पल्याडच्या टोकाला जा गं. इथं मी हाय."

"आत्याबाई, इथं सावली हाय म्हणून व्हय?"

"व्हय. म्हाताऱ्या माणसाला सावली लागती."

दुपारी वारा सुटला. भिंतीसारखा उभा मी, वारा मागून आला. मातीने खांब सोडला. मी पुढे झुकलो, तार सैल झाली आणि कोपऱ्याचा मंडप घडांसकट खाली बसला. सासूला मारलेली तेजलची हाक मी पडल्यावरही मला ऐकू येत होती.

मित्रांनो, कुणाला कामाला लावाल तर तो कशासाठी घडलाय ते आधी विचारा. आणि तो वाकू लागला की त्याच दिवशी टेकू द्या.

आता कुणी काय भरलं ते सांगतो. फारुखला काही भरावं लागलं नाही. वेलींना छाटणीनंतर नवी फूट आली. पडलेला माल बेदाण्याला गेला, अमोलची एका कोपऱ्याची गोडी बुडाली. माझी दोन भावंडं फुटली, आम्हा बाकीच्यांना नवा पाया मिळाला. यशोदाबाईचा उजवा हात कोपरापासून गेला.