ऐकू येत होतं

नक्षीचा शंख जाड बाजूने धरला की काही होत नाही, असं आमचे वडील छातीठोकपणे सांगायचे. त्याच शंखातल्या गोगलगाईने त्यांचा जीव घेतला. ते खडकावर निपचित पडले, श्वास थांबला. वर्षानुवर्षं त्यांच्या दारूचा मार खाल्लेली आई उशाशी बसली आणि म्हणाली, "सुटले एकदाची." मी लहान होतो, शेजारीच उभा होतो. तिला कुणीच बोल लावला नाही.

एवढं होऊनही परवा ओहोटीला मी शंख उचलला तो जाड बाजूनेच. काही अक्कल वारशाने येते. वाळूत दडून मासे मारणारी ती गोगलगाय. सोंडेतला विषारी काटा तिने बोटात मारला तेव्हा मुंगी चावल्यासारखं वाटलं, बस. पाण्याबाहेर येईपर्यंत ओठ बधिर झाले, मग पाय, मग पापणीही हलेना. श्वास बंद पडला. डोकं मात्र लख्ख जागं होतं.

शंख वेचायला धाकटा भाऊ आणि बायको सोबत होते. "वहिनी, सोड आता. दादा गेला," धाकटा रडत म्हणाला. मग नाक ओढून, "त्याची मोटरसायकल विकू नकोस. मी चालवीन."

बायको इस्पितळात आया आहे. "डॉक्टर सांगेपर्यंत कुणी गेलेलं नसतं," म्हणाली आणि माझ्या तोंडात फुंकत राहिली. टेम्पोत, खड्ड्यांतून, थेट इस्पितळाच्या दारापर्यंत. ती थकली की मी संपलो, हे मला कळत होतं. इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. पुढे यंत्राने श्वास दिला आणि हळूहळू विष उतरलं.

घरी आल्यावर धाकट्याची खेचायची संधी मी सोडतोय कसला? सगळे जेवायला बसले होते.

"काय रे, मोटरसायकल कधी नेतोस?"

तो चपापला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळं ऐकू येत होतं मला."

बायको हसली, ओशाळून तोही हसला. आईने हातातला घास ताटात ठेवला.

"श्वास नव्हता ना तुला?"

"नव्हता."

"तरी ऐकू येत होतं?"

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. "तसं नीट नाही गं, आई. अर्धवटच."

"मी अगदी त्यांच्या कानाशी बोलले होते रे," ती म्हणाली.