नवरदेवाचा चाकू

सहादेवमामांनी चाकू तिसऱ्यांदा उंबऱ्यावर आपटला, तरी पातं बाहेर यायचं नाव घेईना.

"नवाकोरा चाकू अन् ही तऱ्हा," मामा म्हणाले. "कुठनं आनलास रं?"

"शेवगावातनं. दुकानात तर उघडून दावला हुता," नवरदेव हर्षल म्हणाला.

दारातल्या मांडवात पाट मांडलेला होता, हळद कालवून तयार होती आणि बायका ताटकळल्या होत्या. लिंबू टोचलेला चाकू हातात आल्याशिवाय नवरदेवाला हळद लावायची नाही, ही या घरची रीत. मामांनी आधी चाकूत गोडेतेल सोडलं, मग रॉकेल, मग फटीत खिळा घालून पाहिला. ते हर्षलच्या आईचे थोरले भाऊ. पाण्याच्या मोटारीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यातलं आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी हात लावलेली वस्तू पुढं कुणालाच दुरुस्त करता येत नसे, एवढंच.

रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तो चाकू लांबूनच ओळखला. असाच एक तिच्या नवऱ्याच्या, रविराजच्या खिशात असायचा. ऊसतोडीला गेल्यावर पाल्याच्या कोपीपुढं बसून तो त्या चाकूनं तिला उसाची कांडी सोलून द्यायचा. चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉली उलटली आणि रविराज गेला. तेव्हापासून घरात काही शुभकार्य असलं, की ती दारापर्यंतच यायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं.

आज मात्र सकाळीच हर्षल तिला म्हणाला होता, "वैनी, पयली हळद तूच लावायची. मी सांगतो आईला." ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर आठ वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून परीक्षेचा डबा करून देण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. ती हो म्हणाली नाही, पण न्हाऊन नवी साडी नेसली. त्याच्या गालाला एकदा आपल्या हातानं हळद लागावी, याहून जास्त तिला काही नको होतं आणि ते तिला फार हवं होतं.

"त्याला खटका हाय, मामा," ती दारातूनच म्हणाली. "पाठीवर बारकी गुंडी हाय बघा. ती दाबून धरायची अन् तशीच मागं सारायची."

मामांनी गुंडी दाबली, मग सोडली, मग सारली. तेलानं बोटं घसरत होती.

"सरत न्हाई. मालच डुप्लिकेट हाय."

हर्षलनं त्यांच्या हातून चाकू घेतला, सरळ दारापाशी गेला आणि रेश्माच्या तळहातावर ठेवला. बायकांची कुजबुज थांबली. सासू, चांगुणाबाई, लिंबाची ताटली घेऊन तिथंच उभी होती.

रेश्मानं पदरानं तेल पुसून काढलं. चुलीतली चिमूटभर राख अंगठ्याला लावली आणि गुंडी दाबून मागं ओढली. पातं टक्कन उघडलं.

"मी तेच म्हनत हुतो," मामा म्हणाले.

हर्षल हसला. "बघ आई. आता पयली हळद बी वैनीच लावंल."

चांगुणाबाईनं उघड्या पात्याकडं पाहिलं, मग ते धरलेल्या सुनेच्या हाताकडं. दोन मुलांतला एक तिनं गमावला होता आणि उरलेल्यासाठी ती कशाकशाला भ्यायची, हे रेश्माइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चांगुणाबाईनं ताटली खाली ठेवली. कमरेच्या पिशवीतून पानसुपारीचा अडकित्ता काढला, त्यात एक सुपारी अडकवली आणि हर्षलपुढं धरला.

"ह्यो घे. लोखंडच हाय, चालतो." मग रेश्माकडं वळून ती हळू आवाजात म्हणाली, "चाकू तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे, पोरी. घरात लागतोच."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रेश्माला वाटलं; रागाशी भांडता तरी आलं असतं.

हर्षलनं अडकित्ता घेतला नाही. तो रेश्माकडं पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. भांडायच्या आधी तो शाळेत असल्यापासून असाच दिसायचा. आता तो एक शब्द बोलला असता, तर दुसरा आई बोलली असती आणि हळदीच्या दिवशी घराची दोन तोंडं दोन दिशांना झाली असती.

"बसा भावजी," रेश्मा म्हणाली. आजवर ती त्याला नावानंच हाक मारत आली होती. "सगळ्या खोळंबल्यात."

लहानपणापासून हर्षलनं तिचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्यानं आताही तिचं ऐकलं. अडकित्ता हातात घेतला आणि पाटावर जाऊन बसला.