एका कडेची मिरची

मित्रांनो, आसान्ते लोकांचा खरा इतिहास फक्त माझ्या पोटात आहे. पुस्तकांत लिहिलेला अपुरा, ढोलांवर वाजवलेला फुगवलेला. खरा काय तो माझ्याजवळ. म्हणजे गेल्या अकरा वर्षांतला. तोही रविवारचा. दुपारी एक ते तीन.

मी एक जुना मातीचा वाडगा आहे. घाना देशातल्या कुमासी शहरात, चर्चच्या उतारावर अकिया मावशीची खानावळ आहे, तिथे मी नोकरीला होतो. रंगाने काळा, पोटात आडव्याउभ्या खाचा. या खाचा नक्षीच्या नव्हेत. आमच्या जातीच्या वाडग्यात आधी लाकडी बत्त्याने मिरची-टोमॅटो रगडतात, आणि मग धुऊन त्यातच गिऱ्हाइकाला जेवायला वाढतात. पाटाही मीच आणि ताटही मीच. माणसांत अशी दोन कामं एकाकडे दिली तर तो संप करतो. आम्हाला ती सोय नाही.

माझा जन्म शहराबाहेरच्या कुंभारणींच्या गावात झाला. तिथे चाक फिरत नाही, बाई फिरते. मातीचा गोळा समोर ठेवायचा आणि कमरेत वाकून त्याच्याभोवती गोल गोल चालत त्याला आकार द्यायचा. माझ्या कुंभारणीने माझ्याभोवती किती फेऱ्या घातल्या ते मी मोजलं नाही. त्यानंतर मात्र माझ्याभोवती कुणी एकही फेरी घातलेली नाही. भट्टीत भाजलो, धुरात काळा झालो, टोपलीत बसून बाजारात आलो. अकिया मावशीने बोटाच्या पेराने मला टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाली, "हा बोलतो छान."

मी बोलतो हे एवढं एकदाच कुणाच्या लक्षात आलं.

पहिली वर्षं सुखाची गेली. एका लॉरी ड्रायव्हरने मला इतकं निपटून खाल्लं होतं, की मावशी म्हणाली, "याला आता काय धुवायचं!" तरीही तिने धुतलंच. तेव्हा धुवत असत.

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे जिमा मास्तर आणि त्यांची बायको पोकुआ. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. पोकुआने तीस वर्षं बाजारात कापड विकलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मास्तर राहतात आपल्या आईच्या घरी, पोकुआ आपल्या आईच्या घरी, मधे तीन गल्ल्या. आमच्याकडे पुष्कळ नवरा-बायको असेच राहतात. रोज संध्याकाळी पोकुआ स्वयंपाक करते, झाकलेलं भांडं नातवंडाच्या डोक्यावर देऊन नवऱ्याकडे पाठवते, आणि भांडं रिकामं परत येतं. आठवड्यात एकच जेवण दोघं समोरासमोर बसून घेतात, रविवारी चर्च सुटल्यावर, एका वाडग्यात. तो वाडगा मी.

जेवताना दोघं जेवणाबद्दल बोलत. आणि त्यांचं एकमत कधी म्हणजे कधीच होत नसे. एकाला मासा खारट, तर दुसऱ्याला अळणी. मला याची सवय झाली होती. एरवी मला त्याची चिंता वाटायचं काही कारण नव्हतं.

पण गेल्या वर्षी ईस्टरनंतर अकिया मावशीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात अर्धाच सुधारला. आता आमच्याकडे डाव्या हाताने जेवण पुढे करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. उजवा हात गेला की रस्सा वाढायचं ओगराळंही गेलं. मावशी दारापाशी तिपाईवर बसून राहू लागली, आणि तिच्या बहिणीची मुलगी डुफी चूल सांभाळू लागली. डुफी चोवीस वर्षांची, कामाला वाघ, पण मावशीच्या नजरेखाली गडबडून जाई. त्यात एक मोबाईल दुरुस्त करणारा दुकानासाठी खानावळीची जागा मागायला येऊ लागला. दोनदा तर टेप घेऊन मापं काढून गेला. माप घेताना त्याने मला पायाने बाजूला सारलं. मित्रांनो, त्या रात्री मला झोप आली नाही. तशी ती कधीच येत नाही, पण त्या रात्री मला ते जाणवलं.

मग तो रविवार उजाडला. सकाळीच मावशीने डुफीला जवळ बोलावलं.

"आज मास्तर आणि पोकुआ येतील. त्यांना काही सांगायचं नाही. दोघांच्याही तोंडून 'चांगलं' आलं तर ओगराळं तुझं. एकाच्याच तोंडून आलं तर मी टेपवाल्याला फोन करते."

डुफीचा चेहरा पडला. "मावशी, त्या दोघांचं आजवर कशावर जमलंय? मागच्या रविवारी उन्हावरून भांडत होती. एक म्हणे पडलंय, एक म्हणे नाही पडलेलं."

"म्हणूनच," मावशी म्हणाली.

डुफी चुलीकडे गेली ती घाबरी होऊन. शेंगदाणे दोनदा भाजले. मीठ घालण्याआधी तीनदा चाखलं. आणि इकडे मावशीला रिकामं बसवेना. तिने मला मांडीवर ओढलं, चार लाल मिरच्या टाकल्या आणि आपल्या न्याहारीच्या सुरणासाठी रगडायला लागली. अर्धा हात तो, माझ्या अलीकडच्या कडेपलीकडे पोचेना. सगळी मिरची एकाच कडेच्या खाचांत भरली. सुरण खाऊन झाल्यावर तिने मला पाण्याची एक हिसळणी दिली आणि धुतलेल्या वाडग्यांच्या ढिगावर पालथं घातलं. सगळ्यात वर.

दुपारी डुफीने ढिगातला वरचा वाडगा उचलला. मी ओरडलो. तुम्हाला ऐकू आलं? तिलाही नाही आलं.

दोघं आली. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात, पोकुआ चर्चच्या छापील कापडात. हात धुऊन समोरासमोर बसली. डुफीने मधोमध फुफूचा, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांच्या चिकट गोळ्याचा, गुळगुळीत डोंगर ठेवला, भोवती शेंगदाण्याचा दाट रस्सा ओतला, वर धुरी दिलेल्या माशाचा तुकडा, आणि उजव्या हाताने मला त्यांच्यापुढे ठेवलं. मिरचीची कड पोकुआकडे. रस्सा दाट, मधे डोंगर. अलीकडची बातमी पलीकडे जायला वाटच नाही. आणि एका वाडग्यात जेवणाऱ्याने फक्त आपल्या समोरचं खायचं, पलीकडे हात घालायचा नाही, हा तर मास्तरांनी वर्गात शिकवलेला धडा.

मास्तरांनी फुफूचा घास तोडला, रश्शात बुडवला आणि न चावता गिळला. आमच्याकडे फुफू चावत नाहीत, चावणाऱ्याला हसतात.

"हं," ते म्हणाले. "जरा सपक आहे."

दाराशी मावशीने मान वळवली. डुफी उखळापाशी फुफू उलटत होती. वरून खानावळीतल्या गड्याचं मुसळ पडायचं, मधल्या क्षणात तिने हात घालून गोळा फिरवायचा. 'सपक' ऐकून तिचा हात तिथेच राहिला. मुसळवाल्याने मुसळ कसंबसं बाजूला वळवलं. "अगं ए! गिऱ्हाइकांना बोटं वाढायचीत का?"

तोवर पोकुआने घास गिळला होता. ती थांबली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला.

"सपक? मास्तर, जीभ चर्चमध्ये विसरून आलात का?"

"जीभ जागेवर आहे. मिरचीच नाहीये."

"माझ्या कानांतून धूर निघतोय, आणि हा माणूस म्हणतो मिरची नाही!"

"तुझं नेहमीचंच. तुला पाणीसुद्धा तिखट लागतं."

"आणि तुम्हाला काय लागतं हो?" पोकुआचा आवाज चढला. "रोज संध्याकाळी भांडं पाठवते मी. छत्तीस वर्षं. हे तुम्हाला सपक लागत असेल तर माझं सगळंच सपक लागलं असणार!"

"मी तसं म्हटलं का कधी?"

"कधी काहीच म्हटलं नाहीत! भांडं रिकामं यायचं. मला काय ठाऊक, तुम्ही खाता की तुमच्या बहिणीच्या कोंबड्या खातात!"

"कोंबड्यांना मी काही देत नाही," मास्तर दुखावून म्हणाले. "त्यातलं काही उरतच नाही."

पोकुआला हे ऐकू आलं नाही. ती पाणी पीत होती.

दाराशी मावशीने डाव्या हाताने कमरेच्या गाठीतून मोबाईल काढला. एक सपक म्हणतो, एक तिखट म्हणते. 'चांगलं' कुणीच म्हणत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. कारण माझ्याच पोटात होतं. पण मला तोंड आहे, जीभ नाही. मावशीचा अंगठा एकेक आकडा शोधत होता. डुफीने उखळातला हात काढून घेतला आणि दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली.

"ठीक आहे," पोकुआ पेला आपटून म्हणाली. "बघूच."

आणि तिने मला दोन्ही कडांनी धरून अर्धं फिरवलं.

पलीकडे हात घालणं असभ्य, हे खरं. पण वाडगा फिरवण्याबद्दल पूर्वजांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं.

"घ्या, मास्तर. माझ्या बाजूचं."

मास्तरांनी शिक्षकाच्या ऐटीत मोठा घास घेतला आणि गिळला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, चष्म्याखालून ओघळलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलं.

"सपक आहे?" पोकुआने गोड आवाजात विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"पाणी?"

हो.

पोकुआने आता आपल्यापुढे आलेल्या कडेचा घास घेतला. मग दुसरा. तिसरा तिने जरा घाईनेच घेतला. "अगोबाई," ती हळूच म्हणाली, "हे तर छान आहे. शेंगदाणे काय भाजलेत!"

मग ती थबकली. मास्तरांपुढच्या कडेवर तिने बोट फिरवलं आणि नखावर आलेलं बघितलं. मिरचीच्या बिया. लाल सालं. तिने बोट दुसऱ्या कडेवर फिरवलं. तिथे काही नाही. तीस वर्षं कापड विकलेली बाई ती; डाग कुठल्या टोकाकडून आला ते तिला कळतं. तिने उखळापाशी बघितलं. डुफीचे धडधाकट हात, रगडतील तर सगळीकडे सारखंच रगडतील. मग तिने दाराकडे बघितलं. अकिया मावशीचा उजवा हात मांडीत पडला होता, आणि त्याच्या नखांखाली अजून लाल होतं.

मावशीने पोकुआला बघताना बघितलं. तिने हात कापडाखाली ओढून घेतला. ज्या हाताने पंचवीस वर्षं अर्ध्या कुमासीला वाढलं, तो हात लपवताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"अकिया," पोकुआ मोठ्याने म्हणाली, "रस्सा चांगला आहे. वाईट आहे तो तुझा हा वाडगा. म्हातारा झालाय. खाचांत मिरची धरून बसतो. कितीही धुवा, सोडायचा नाही. काय हो मास्तर?"

मित्रांनो, मी मास्तरांकडे पाहिलं. या माणसाने छत्तीस वर्षांत बायकोला 'हो' म्हटलं नव्हतं. माझी सगळी आशा त्यांच्यावर होती.

मास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले, बायकोकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "रस्सा चांगला. वाडगाच टाकाऊ. डुफी, अजून एक ओगराळं वाढ गं. आणि पोकुआ, ऐक. तू पाठवतेस ते यापेक्षा चांगलं असतं."

"हे छत्तीस वर्षांनी सांगताय?"

"तू कधी समोर बसून विचारलंस?"

पोकुआने माशाचा तुकडा मास्तरांच्या बाजूला सारला. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं.

मावशीने मोबाईल गाठीत खोचला. "मी तर कधीपासून म्हणतेय," ती म्हणाली, "हा वाडगा काढून टाका म्हणून." मित्रांनो, तिने असं कधीही म्हटलेलं नव्हतं. ती उठली, डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देत, उजव्याच हाताने ओगराळं उचललं आणि डुफीच्या हातात दिलं. डुफीने ते घेतलं, माझ्या खाचांवरून एकदा अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "वाडगा मी आजच बाहेर काढते, मावशी." तिने सगळं ओळखलं होतं. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. अशी मुलगी खानावळ चालवणार, यात मला शंका नाही.

टेपवाला पुन्हा आला नाही. रविवारी दोघं अजून येतात. नव्या वाडग्यात जेवतात, आणि जेवण अर्ध्यावर आलं की पोकुआ तो वाडगा फिरवते. मग दोघं त्यावर भांडतात. मला भिंतीतून ऐकू येतं. कारण मी आता खानावळीच्या मागे, सांडपाण्याच्या नळाशी पडलेला असतो. कुणी मला फोडलं नाही, एवढी दया केली.

मला राग नाही. एका बाईची लाज राखली गेली, एका मुलीच्या पोटाची सोय झाली, आणि दोन हट्टी माणसांचं एकदा एकमत झालं. ते माझ्या टाकाऊपणावर झालं, हे खरं, पण झालं. तरी मित्रांनो, तुम्हाला एवढं सांगतो: आम्हा भांड्यांना आतल्या बाजूनेही धुवावं. आणि दोष द्यायचाच असेल तर खुशाल द्या, आम्ही उलटून बोलत नाही. पण दोष देऊन झाल्यावर आम्हाला निदान एखाद्या फळीवर, पालथं का होईना, ठेवावं.

असो. एवढं मोठं काही लगेच व्हायचं नाही, हे मला कळतं. तूर्त तुमच्यापैकी कुणी नळाकडे येणार असेल, तर तेवढी ती बकरी हाकला. ती आता माझ्यात बसायच्या विचारात आहे.