बॅग कोणाच्या नावे

नीळकंठरावांनी आयुष्यभरात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. विमा कंपनीच्या छापील शुभेच्छापत्रालाही 'आपले पत्र पावले, आभारी आहे' असं कार्ड टाकणारा हा माणूस. यवतमाळच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट परत केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फक्त एका पत्राचं उत्तर तीन वर्षं झाली तरी राहून गेलं होतं. ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलेलं होतं, कारण घरात तो खंड त्यांच्याशिवाय कोणी उघडेल अशी भीती नव्हती.

पत्र त्यांच्या भाच्याचं होतं, अभिषेकचं. अभिषेक यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात फिटर. कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं तिथं बनत, ती परदेशी जात, आणि यंत्रांच्या मागोमाग हंगामापुरता अभिषेकही जाई. ग्रीसमध्येही कापूस पिकतो, हे नीळकंठरावांना त्याच्यामुळेच कळलं. त्यांना ठाऊक असलेला ग्रीस अडीच हजार वर्षांपूर्वीच संपला होता.

आजच्या काळात कागदावर पत्र कोण लिहितं? पण नीळकंठरावांकडे फोन नव्हता. घरातला फोन रत्नप्रभाबाईंच्या हातात असे, आणि आलेला प्रत्येक निरोप त्या स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाचून दाखवत. अभिषेकला जे सांगायचं होतं ते मोठ्यानं वाचण्यासारखं नव्हतं.

त्यानं लिहिलं होतं, की तिकडे रविवारी सुट्टी असते, आणि रविवारी तो साडी नेसतो. आधी खोलीत नेसायचा. मग एका रविवारी नेसून बाहेर पडला, नदीच्या कडेनं चालत गेला आणि बेकरीतून पाव घेऊन आला. 'मामा, कोणी दगड मारला नाही, कोणी फूलही दिलं नाही. पावाचे पैसे घेतले आणि सुटे परत दिले. मला इतकं बरं वाटलं, की परत येताना रस्ता चुकलो.' पुढं एक कामाची गोष्ट होती. कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: काही बरंवाईट झाल्यास सामान कोणाच्या नावे पाठवायचं. यंत्राच्या पट्ट्यात हात जायला वेळ लागत नाही, आणि हातामागून माणूस जायलाही. तिथं त्यानं बायकोचं, भैरवीचं नाव लिहिलं होतं. पण आपल्या माघारी तिनं बॅग उघडून भलताच अर्थ लावावा आणि तो खोडायला आपण नसावं, हे त्याला सहन होत नव्हतं. तिला सांगायचं तर होतं, पण जिवंतपणी आणि स्वतःच्या तोंडानं. 'तोवर तुमचं नाव लिहू का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. तुम्हाला नवल वाटणार नाही. मी सोळा वर्षांचा असताना मामींची साडी नेसून आरशापुढे उभा होतो, तेव्हा तुम्ही दार उघडलं, पुन्हा लावून घेतलं आणि कोणाला काही बोलला नाहीत. तेवढ्या समजूतदारपणावर मी वीस वर्षं काढली.'

खरी अडचण इथंच होती. तो समजूतदारपणा नव्हताच. नीळकंठरावांची त्या दिवशी बोबडी वळली होती. दार लावून ते ओट्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत एकच पान वाचत राहिले. फुकट मिळालेल्या या श्रेयाखाली ते तीन वर्षं दबून होते.

उत्तर लिहिलं नाही असं नाही. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात वस्त्रांचा इतिहास होता, पुराणांतले दाखले होते, जुन्या ग्रीक रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत ही माहिती होती. वाचून पाहिल्यावर तो परीक्षेचा पेपर वाटला. दुसरा मसुदा इतका सहानुभूतीचा झाला, की कोणी वारल्यावर पाठवावा. तिसऱ्याला तळटीपा होत्या. 'हो' हा शब्द तिन्हींत कुठंच आला नव्हता.

मग या ऑक्टोबरात अभिषेकचं पुन्हा जाणं ठरलं, आणि या वेळी दोन वर्षांसाठी. निरोपाला नीळकंठराव आणि रत्नप्रभाबाई आर्णीला वच्छलाकडे गेले. वच्छला म्हणजे नीळकंठरावांची धाकटी बहीण, अभिषेकची आई. आज भाच्याला बाजूला घेऊन तोंडीच 'हो' सांगून टाकायचं, असं नीळकंठरावांनी एसटीत मनाशी चार वेळा घोकलं होतं. पण पोचले तर अभिषेक केस कापायला गेलेला.

घरात बॅगेचं वजन चाललं होतं. तीस किलोच्या वर बॅग गेली, की विमानतळावर चारचौघांत उघडावी लागते, असं कोणीतरी वच्छलाला सांगून ठेवलं होतं. तशी लाज नको म्हणून तिनं ती घरीच चारचौघींत उघडली. सरगुंडे, मुगवड्या आणि तिखटाचे डबे बसवायला जागा करावी म्हणून शर्ट उचलले, तर खालून तीन साड्या निघाल्या, आणि त्यांवर शिवलेले ब्लाउज.

शेजारच्या खैरुनबी वजनकाटा घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक ब्लाउज उजेडात धरला. "ही शिलाई तं आमच्या युनूसची हाय," त्या म्हणाल्या. युनूस त्यांचा मुलगा, आर्णीतला लेडीज टेलर. "अशी बाही दुसरं कोणी बसवत नाही."

"आन कापड माझं आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

त्यांचंही खरं होतं. त्या मोरपंखी ब्लाउजपीसची कुंडली सगळ्यांना पाठ होती. ब्लाउजपीस ही वस्तू शिवण्यासाठी नसतेच. ती ओटीत येते, कपाटात जाते आणि पुढच्या ओटीत निघते. हा मोरपंखी तुकडा रत्नप्रभाबाईंनी वच्छलाला दिला, वच्छलानं भैरवीच्या आईला, तिथून तो बारशाला गेला, हळदीकुंकवाला गेला आणि दोनदा फिरून रत्नप्रभाबाईंकडेच आला. नंतर तो कुठं गेला हे कोणालाच आठवत नव्हतं. दहा वर्षं अख्ख्या जिल्ह्यात फिरलेल्या त्या कापडाला शिवून घालणारं कोणीतरी भेटलं होतं, याचंच बायकांना जास्त आश्चर्य वाटलं.

"बेचाळीसच्या खाली माप नाही हे," वच्छला म्हणाली, आणि सगळ्यांनी भैरवीकडे पाहिलं. भैरवी काडीसारखी.

भैरवी हळूच खाली बसली. "तिकडं कोणीतरी आहे त्यांचं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

गंमत पाहा, तिथं बसलेल्या कोणाला हे अशक्य वाटलं नाही. परदेशी गेलेला माणूस बाई ठेवतो, ही गोष्ट समजायला सोपी होती. त्यासाठी मसुदे करावे लागत नव्हते.

"रडू नको बेटी," म्हणत खैरुनबी चप्पल शोधू लागल्या. "म्या युनूसलेच इचारून येते. कोणं शिवाले देलं, तो सांगते ना."

नीळकंठराव कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. युनूसनं नाव सांगितलं की संपलं, एवढंच त्यांना कळलं.

"माझं सामान आहे ते," ते म्हणाले.

कोणाला ऐकूच गेलं नाही. एकतीस वर्षं वाचनकक्षात बोललेला आवाज. त्यांना तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. मग मात्र खैरुनबी चप्पल पायात असतानाच थांबल्या.

"तुमचं?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"म्हणजे, मी पाठवतो आहे. तिथं एक बाई आहेत. आमचा पत्रव्यवहार असतो."

सत्तर पानांची प्रस्तावना लिहूनही ज्यांच्यावर कधी कोणी विश्वास ठेवला नसता, त्यांच्या या दोन ओळींवर सगळ्यांचा तिथल्या तिथं विश्वास बसला. माणूस दिवसभर पत्रं लिहितो, मग कोणाला तरी लिहीत असेलच. भैरवीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं साड्या पुन्हा नीट घडी केल्या आणि मामांना अदबीनं विचारलंही, की फॉल लावलाय ना.

"या वयात, दादा," वच्छला एवढंच म्हणाली. पण मोठ्या भावाची भेटवस्तू, ती काढता थोडीच येते. डबेही जायलाच हवे होते. शेवटी अभिषेकच्या दोन पँटी कमी करून वजन बसवलं.

अभिषेक केस कापून आला तेव्हा ही बातमी त्याच्या आईनं उंबऱ्यातच त्याला ऐकवली. त्यानं बॅगेकडे पाहिलं, मग मामांकडे. त्यांना गाडीवर मागं बसवून तो बसस्टँडला सोडायला निघाला. रत्नप्रभाबाई भैरवीबरोबर रिक्षानं मागून येणार होत्या.

स्टँडवर गाडी उभी करून तो म्हणाला, "मामा, आज तुम्ही मले वाचवलं."

नीळकंठरावांनी चष्मा पुसला.

"पण साड्या पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या झाल्या," अभिषेक म्हणाला. "आधी मामीची होती. मंग भैरवीच्या नावानं घेतल्या. आता तुमच्या त्या बाईच्या. दरसाल येताना तिथल्या जुने कपडे दान करायच्या पेटीत टाकून येतो मी. माझी म्हणून एक साडी नाही माझ्यापाशी."

नीळकंठरावांच्या ओठांवर घोकलेला 'हो' आला होता. तेवढ्यात अभिषेकनं सांगितलं, की फॉर्म नव्यानं भरायचा आहे, नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत मुदत आहे. "पत्राचं उत्तर आलं नाही तवा मी समजून घेतलं. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"कळवतो," नीळकंठराव म्हणाले. "लिहून कळवतो."

अभिषेक हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

यवतमाळला आल्यावर रत्नप्रभाबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खैरुनबींचा फोन आला, तो त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं ऐकवला. खैरुनबींनी अखेर युनूसला विचारलंच होतं. युनूस म्हणाला, हो, काकांनीच शिवायला दिलं होतं, स्वतः दुकानात आलते. नीळकंठराव उभ्या जन्मात युनूसच्या दुकानात गेले नव्हते. शिंप्याच्या वहीत गावातल्या सगळ्यांची मापं असतात, आणि ती वही वाचायची कशी हे त्यालाच माहीत असतं. आपण एकतीस वर्षं पुस्तकं सांभाळली, पण याच्याइतकी नाही, असं नीळकंठरावांना वाटलं.

"बेचाळीसचं माप म्हणजे तब्येतीनं बरी दिसते बाई," रत्नप्रभाबाई चहा ठेवत म्हणाल्या.

नीळकंठरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. न केलेल्या पापाचा पुरावा देता येत नाही, आणि इथं तर देणं मनातच नव्हतं.

"मले कधी एक ओळ नाही लिहिली तुम्ही."

"तू कुठं दूर गेलीच नाहीस."

"गेलती ना. वच्छला टायफॉइडनं पडली तवा दोन महिने आर्णीले होती मी. रोज पोस्टमनची वाट पाहत होती."

"लिहिलं होतं," नीळकंठराव म्हणाले. "टाकलं नाही."

"काहून?"

"नीट जमलं नव्हतं."

रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वीचं न मिळालेलं पत्र आणि ग्रीसची बाई यांतलं कोणतं त्या तोलत होत्या, ते कळायला मार्ग नव्हता. "मंग या वक्ती नाही जमलं तरी टाका," त्या म्हणाल्या. "वाट पाहणाऱ्याले अक्षर पुरते." आणि कप उचलून आत गेल्या.

नीळकंठरावांनी शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. अकरा पानांचा मसुदा, दुसरा, तिसरा, सगळे फाडले. कोरा कागद घेतला आणि मसुदा न करता लिहिलं:

'चि. अभिषेक यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. उत्तरास तीन वर्षे विलंब झाला, त्याला भित्रेपणाखेरीज कारण नाही. होय. फॉर्मवर माझे नाव लिही. बॅग आलीच तर मीच उघडीन, आणि या साड्या कोणाच्या असे कोणी विचारले तर अभिषेकच्या, असे सांगेन. दाराशी त्या दिवशी मी समजूतदार नव्हतो, घाबरलो होतो. आता थोडा कमी घाबरतो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, तेव्हा माझ्यावर ही वेळ येऊ न देणे तुझ्या हाती. यंत्रापाशी जपून काम कर. यंदाच्या साड्या त्या पेटीत टाकू नकोस. तुझा, नीळकंठमामा.'

'हो' ऐवजी 'होय' झालं होतं, पण त्यांनी खोडलं नाही. खोडायला बसलं तर पुन्हा तीन वर्षं जातील, हे त्यांना ठाऊक होतं.

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीवरच्या कारकुनानं पाकीट वजनाला ठेवलं आणि पत्ता वाचला. त्याची सासुरवाडी आर्णीची होती.

"काका, ग्रीसले ना?" तो म्हणाला, आणि आदरानं हसला. "तुमच्या भाच्याच्या पत्त्यावर पाठवता, हे बरं केलं."

नीळकंठरावांचे कान तापले. खिडकीशी मागं चार माणसं उभी होती. त्यांनी फक्त पावती मागितली. कारकुनानं पाकिटावर दोनदा शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.